घरातली मालवणी थांबवायची का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगी साडेपाच वर्षांची. तालुक्याच्या गावी खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मोठ्या शिशुवर्गात जाते, व्हॅनने एका बाजूला १४ किलोमीटर. पालकसभेत शिक्षिकेनं सांगितलं, ‘घरी इंग्रजीच बोला. नाही जमलं तर निदान शुद्ध मराठी. मालवणी बंद करा, मूल मागे पडतं.’ नवरा गोव्यात हॉटेलात कामाला आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो. त्याला हे पटलं आहे, कारण इंग्रजी नीट येत नसल्यामुळे त्याची बढती अडली. सासूबाईंना मालवणीच येते, त्यामुळे त्या आता नातीसमोर गप्प असतात. पूर्वी दिवसभर बडबडणारी मुलगी ‘येस’, ‘नो’, ‘आय डोंट नो’ एवढ्यावर बोलणं संपवते. जूनमध्ये पहिलीचा प्रवेश. गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा पट १७, शिक्षक दोन. आई विचारते: मालवणी थांबवायची का? शाळा कोणती घ्यायची? माझंच इंग्रजी दहावीपुरतं आहे, मग मी घरात बोलू कोणत्या भाषेत?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. घरात कोणती भाषा बोलायची हा एक, आणि शाळेचं माध्यम कोणतं घ्यायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी थेट देते: मालवणी थांबवू नका. थांबवली असेल तर आज संध्याकाळपासून पुन्हा सुरू करा, आणि सासूबाईंना तसं स्वतःहून सांगा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गावातली आणि तालुक्यातली शाळा आत जाऊन पाहिल्याशिवाय कुणालाच देता येणार नाही. त्या शाळा कशा पाहायच्या ते पुढे लिहिते.

आधी शिक्षिकेच्या सल्ल्यामागची समजूत पाहू. मुलाच्या डोक्यात जागा ठरावीक असते, मालवणीनं ती अडवली तर इंग्रजीला कमी उरते, असं बऱ्याच शिक्षकांना आणि पालकांना मनापासून वाटतं. ते खरं नाही. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्यामुळे मुलाचं बोलणं उशिरा येतं किंवा ते मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. फसगत होते ती मोजण्यात. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द एकाच भाषेत मोजले तर कमी भरतात. दोन्ही भाषांतले मिळून मोजले की हिशेब जुळतो. तुमच्या मुलीला ‘सुंगटां’ (कोळंबी), ‘रापण’ (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), ‘चुडत’ (माडाची झावळी), ‘व्हाळ’ (ओढा) हे शब्द अर्थासकट माहीत असतील आणि शाळेत तिला फक्त इंग्रजी रंग आणि प्राणी विचारले जात असतील, तर शाळेच्या कागदावर ती कमी पडलेलीच दिसणार.

‘आजये, माका वॉटर व्हया’ असं भेसळीचं वाक्य तिनं बोललं तर घाबरू नका. दोन भाषांत वाढणारी मुलं जो शब्द आधी सापडेल तो घेतात आणि पुढे जातात. त्या वाक्यात मालवणीचं व्याकरण जागच्या जागी आहे. थोड्या वर्षांत कुणाशी काय बोलायचं हे मूल आपोआप ओळखू लागतं.

शिक्षिकेचा हेतू वाईट नाही. वर्गात उत्तर न देणारी मुलं तिला रोज दिसतात आणि घरी इंग्रजी मिळालं तर ती बोलतील असं तिला वाटतं. पण घरी मिळणार ते इंग्रजी कसलं? दहावीपुरतं इंग्रजी असलेल्या आईनं दिवसभर इंग्रजीच बोलायचं ठरवलं तर तिच्याकडून निघणार ‘कम’, ‘सिट’, ‘ईट फास्ट’, ‘डोंट टच’, ‘गुड गर्ल’. म्हणजे हुकूम आणि शाबासकी. का, कसं, कधी, तसं नसतं तर काय झालं असतं, काल काय झालं, उद्या काय होईल, हे सगळं घरातून हद्दपार होतं. शाळेला मुलाकडून नेमकं तेच हवं असतं.

मागीलदारी सासूबाई बांगडे साफ करत बसल्या आहेत, नात शेजारी आहे असं धरा. आजीनं एक बांगडा बाजूला टाकला. नात विचारते, ‘आजये, ह्यो बाजूक कित्याक काडलंस?’ आजी कल्ले उघडून दाखवते, ‘हे बघ. तांबडे आसले तर बांगडो ताजो. ह्येचे काळपट पडले, पोटय मऊ झाला. ह्यो कालचो.’ एवढ्या बोलण्यात मुलीनं रंग पाहिला, दोन मासे ताडून पाहिले, बोटानं दाबून मऊ-घट्ट ओळखलं, ‘असं असेल तर तसं’ ही वाक्यरचना वापरली आणि खुणेवरून काळ ठरवला. तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक तिला हेच करायला सांगणार आहे: निरीक्षण, तुलना, कारण, वर्गवारी. हे एका भाषेत पक्कं झालं की दुसऱ्या भाषेत नवे शब्द तेवढे शिकायचे उरतात. कुठल्याच भाषेत झालं नाही तर इंग्रजी शब्द पाठ होतात, पण ते कशाला लावायचे हे कळत नाही.

कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक फरक दाखवून दिला, तो इथे फार उपयोगी आहे. नव्या भाषेत खेळापुरतं, गप्पांपुरतं बोलणं मुलाला साधारण दोन वर्षांत जमतं. पण त्याच भाषेत धडा समजून घेणं, कारण लिहिणं, गणितातलं शाब्दिक उदाहरण सोडवणं याला पाच ते सात वर्षं लागतात. ‘मे आय गो टू वॉशरूम’ ऐकून आपण निर्धास्त होतो, आणि चौथीत विज्ञानाचा धडा आला की मूल अडकतं. पहिली-दुसरीत हे दिसत नाही. तिथे फळ्यावरचं उतरवून आणि प्रश्नोत्तरं पाठ करून भागतं. तिसरी-चौथीपासून वाचून समजण्यावर सगळं उभं राहतं. मग शिकवणी लागते, गाइडं येतात, आई-वडिलांना अभ्यास घेता येत नाही, आणि पाचवीच्या सुमारास मूल मराठी माध्यमात आणलं जातं. तेव्हा लक्षात येतं की त्याला देवनागरी वाचनही सलग येत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचनं कच्ची राहिलेली ही मुलं सर्वांत जास्त अडचणीत असतात.

‘शुद्ध मराठी’बद्दल. मालवणी म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे, तिचे स्वतःचे नियम आहेत. जनगणनेत तिची नोंद कोकणीखाली होते, बोलणारे पुष्कळ जण लिहिताना मराठी लिहितात. हा वाद विद्वानांचा, तुमच्या मुलीचं त्यावाचून काही अडलेलं नाही. तिला हे उमगलं पाहिजे की घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांत ठरलेला फरक आहे, आणि तो शिकता येतो. ‘आंबो’चा ‘आंबा’, ‘घोडो’चा ‘घोडा’, ‘डोळो’चा ‘डोळा’. ‘शाळेक’चं ‘शाळेला’, ‘माका’चं ‘मला’, ‘तुका’चं ‘तुला’. ‘करूक’चं ‘करायला’. ‘मेरेन’चं ‘पर्यंत’, ‘वांगडा’चं ‘सोबत’, ‘खंय’चं ‘कुठे’. यातल्या बऱ्याचशा जोड्या ठरावीक नियमानं बदलतात, म्हणून मुलं त्या झपाट्यानं पकडतात. घरात एक वही करा. डाव्या बाजूला ‘घरातलं’, उजव्या बाजूला ‘पुस्तकातलं’. दिवसाला दोन जोड्या पुरेत. ‘चुकलं’ हा शब्द मात्र तोंडातून काढू नका. तिनं ‘मी शाळेक गेलंय’ म्हटलं तर तुम्ही सहज म्हणा, ‘हो, पुस्तकात लिहितात, मी शाळेला गेले.’ रात्रभर दशावतारी नाटक पाहणारं आपलं पोर राजाची ग्रांथिक मराठीही समजून घेतं आणि विनोदी पात्राची मालवणीही. दोन्हींतली उठबस त्याला नवी नाही.

आता घरातला दिवस कसा बसवायचा. दिवसभराचं बोलणं मालवणीत, मोकळं, भरपूर, तिच्या प्रश्नांना पूर्ण उत्तरं देऊन. रात्री झोपण्यापूर्वी १५ मिनिटं मराठी पुस्तक मोठ्यानं वाचा, बोट ओळीखालून फिरवत. वाचून झालं की गोष्ट तिला आजीला सांगायला लावा, मालवणीत. पुस्तकातलं मराठी घरच्या भाषेत सांगताना तिला ते समजावंच लागतं. तिला समजलं का, हे तपासायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. मग दोन वाक्यं वहीत. दिवसा बांगड्यांचा विषय झाला असेल तर माशाचं चित्र आणि खाली ‘बांगड्याचे कल्ले लाल आहेत. बांगडा ताजा आहे.’ त्याच चित्राशेजारी ‘फिश’, ‘रेड’, ‘फ्रेश’ हे इंग्रजी शब्द, आवाज काढून. इंग्रजीला दिवसाला २० मिनिटं द्या: गाणं, चित्रांचं पुस्तक, दोन वाक्यांचा खेळ. ‘इंग्रजीची वेळ’ ठरलेली असावी, म्हणजे उरलेला दिवस त्याच्या ओझ्याखाली जात नाही. नुसत्या मोबाइलवरच्या इंग्रजी व्हिडिओंवर विसंबू नका. समोरून उत्तर न देणाऱ्या पडद्याकडून लहान मूल फार थोडी भाषा उचलतं.

मुलीच्या गप्प होण्याबद्दल मला तुमच्याइतकीच काळजी वाटते. नव्या भाषेच्या वर्गात गेलेली मुलं सुरुवातीचे काही महिने तिथे कमी बोलतात, ऐकत असतात, हे नेहमीचं आहे. पण तुमची मुलगी घरी गप्प झाली आहे. जी भाषा तिला येत होती ती बोलायची नाही असं तिला कळलं, आणि जी बोलायची ती अजून येत नाही. मालवणी परत सुरू झाली की बहुतेक मुलं काही आठवड्यांत सैल होतात. तिला स्पष्ट शब्दांत सांगा, ‘आजीवांगडा मालवणीच बोलायचा, आमका आवाडता.’ आजीला मुद्दाम तिच्यापुढे बोलतं करा. महिना-दीड महिना असं करूनही ती घरात तुटक बोलत असेल, मालवणीतही शब्द सापडत नसतील, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल किंवा टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर आधी कान तपासून घ्या. सर्दीमागून कानात पाणी साठणं या वयात नेहमीचं असतं आणि मुलं ते सांगत नाहीत. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तपासणीला येतात. तुमची मुलगी खासगी शाळेत असल्यामुळे त्यांची वाट पाहू नका, रुग्णालयातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना ‘ती मालवणीतही कमी बोलते’ हे आवर्जून सांगा. एकाच भाषेत तपासून काढलेला निष्कर्ष चुकीचा निघू शकतो.

आता शाळा. कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल गावागावात अफवा असतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ म्हणतो की शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा माध्यम असावी असं म्हटलं आहे. पण ही पालकांवर सक्ती नाही. कर्नाटकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं की प्राथमिक शाळेचं माध्यम मातृभाषाच हवं अशी सक्ती सरकार करू शकत नाही, निवड पालकांची. म्हणजे तुमच्या हातात निवड आहे. तुम्ही इंग्रजी माध्यम घेतलंत तरी मराठी सुटत नाही. २०२० च्या राज्याच्या कायद्यानुसार सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. आणि मराठी माध्यम घेतलंत तरी इंग्रजी सुटत नाही, राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. पहिलीपासून हिंदी आणण्याचे २०२५ मधले दोन्ही शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले. ती धास्ती मनातून काढा, हिंदी आपली मुलं टीव्हीवरून अर्धीअधिक शिकतातच.

शाळेच्या पाटीवर काय लिहिलं आहे यापेक्षा वर्गात काय चालतं ते पाहा. दोन्ही शाळांत एकेक सकाळ जा, परवानगी घेऊन. दुसरीच्या किंवा तिसरीच्या मुलांजवळ बसा. त्यांनी न पाहिलेली छोटी गोष्ट सोबत न्या आणि तीन-चार मुलांना वाचायला द्या, शाळेच्या माध्यमाच्या भाषेत. सरकारच्या निपुण भारत कार्यक्रमात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, तिसरीअखेर निदान ६०, अशी अपेक्षा ठेवली आहे. घड्याळ लावून बसण्याची गरज नाही, मूल अक्षरअक्षर जोडतं की वाक्य वाचतं हे कानाला कळतं. मग पुस्तक मिटा आणि विचारा, ‘गोष्टीत काय झालं?’ मुलाला हव्या त्या भाषेत सांगू द्या. घडाघडा वाचणारं पण काहीच सांगू न शकणारं मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मोठ्या संख्येनं भेटतं, मराठी शाळांतही भेटतं. नंतर वह्या चाळा. वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच उत्तर शब्दशः असेल तर ते फळ्यावरचं आहे. एखाद्या वहीत मोडकंतोडकं पण वेगळं वाक्य दिसलं तर तिथे शिकवणं चालू आहे असं समजा.

तुमच्या गावच्या शाळेत १७ मुलं आणि दोन शिक्षक. म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता एकत्र. कायद्याच्या हिशेबानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यामुळे शाळेत काही कमी आहे असं नाही. १७ मुलांत शिक्षकाला प्रत्येकाचं नाव, घर, अडचण माहीत असते, ही मोठी गोष्ट आहे. पण बहुवर्गात पाहण्याची खूण एकच: शिक्षक चौथीला शिकवत असताना पहिलीची मुलं काय करतात? त्यांच्या हातात काम असेल, चित्र, शब्दपट्ट्या, मण्यांची माळ, मोठ्या मुलाशेजारी बसून वाचन, तर वर्ग चालतो. ती नुसती पाटीवर तीच ओळ गिरवत असतील तर त्यांच्या दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ वाया जातो. दोनपैकी एक शिक्षक सतत बैठका, निवडणुकीची कामं, माहिती भरणं यांत बाहेर असतो का, हेही गावातल्या पालकांना विचारा. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा २०२३ मध्ये राज्यात झाली होती, त्यामुळे ‘शाळा टिकेल का’ ही शंका रास्त आहे. ती मुख्याध्यापकांनाही विचारा आणि शाळा व्यवस्थापन समितीलाही. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. मुलगी त्या शाळेत घातलीत तर तुम्ही तिथे बसू शकता.

शाळा सेमी-इंग्रजी असेल, म्हणजे गणित आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून, तर एक जागा नीट सांभाळावी लागते. मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. इंग्रजीत पन्नास आधी. म्हणून मुलं त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात. एकोणतीस, एकोणचाळीस तर ‘एक कमी’ची नावं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन दिलं तेव्हा बराच गदारोळ झाला, पण त्यामागची अडचण खरी होती. उपाय घरात आहे. चुडताचे हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या, काढा, सारख्या लांबीचे तुकडे करा, दहा-दहाच्या जुड्या बांधा. ५३ म्हणजे पाच जुड्या आणि तीन सुटे हीर. हातात धरून आधी ‘पन्नास आणि तीन’, मग ‘त्रेपन्न’, मग इंग्रजी नाव. तिन्ही नावं एकाच ढिगाऱ्याची आहेत हे दिसलं की गोंधळ मिटतो. हे न करता नुसते इंग्रजी अंक पाठ करून घेतले की हातच्याच्या बेरजेत मुलं घसरतात.

माझा कल विचारलात तर असा: गावच्या शाळेतली दुसरी-तिसरीची मुलं समजून वाचत असतील, तर तिथे घाला. रोजचे २८ किलोमीटर वाचतील, पावसाळ्यातली व्हॅनची धास्ती जाईल, आणि वाचलेला तासभर वाचनाला देता येईल. ती मुलं वाचत नसतील तर केवळ मातृभाषेवरच्या प्रेमापोटी तिथे घालू नका. मग तालुक्याच्या गावातली चांगली अनुदानित मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळा पाहा, बरेच पालक हा तिसरा पर्याय विचारातच घेत नाहीत. त्यातूनही आहे तीच इंग्रजी शाळा सर्वांत बरी निघाली, तर तिथेच ठेवा, पण घरचा दिवस मी वर लिहिला तसाच चालवा आणि एक काम वाढवा. येत्या आठवड्याचा धडा रविवारी तिला मालवणीत समजावून सांगा, शाळेत इंग्रजीत ऐकण्याच्या आधी. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला विषय आधीच माहीत असला तर त्याला तेवढी भाषाच शिकायची राहते.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्याला मी हलक्यात घेत नाही. हॉटेलात पाहुण्यासमोर इंग्रजी अडलं की काय होतं ते त्यांनी सोसलं आहे, आपल्या मुलीच्या वाट्याला ते येऊ नये असं त्यांना वाटणं अगदी बरोबर आहे. त्यांना एवढंच सांगा की चांगलं इंग्रजी येणं आणि सगळे विषय इंग्रजीतून शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या इंग्रजीला लागतं ते इंग्रजी नीट येणारा शिक्षक, रोजचं ऐकणं-वाचणं, आणि एका भाषेत तरी पक्कं वाचन. त्यांच्यासाठी एक काम आहे. रोजच्या व्हिडिओ कॉलवर १० मिनिटं हॉटेलातली एखादी वस्तू दाखवून तिचं इंग्रजी नाव आणि एक वाक्य, आणि उरलेल्या वेळात मालवणीत दिवसभराची हकीकत. वडिलांच्या तोंडून आलेले ते दहा शब्द शाळेतल्या पाठांतराहून पक्के बसतात. उद्या सगळ्यांनी गोव्यात राहायला जायचं ठरलं तरी मालवणी आणि देवनागरी वाया जात नाही. तिथली राजभाषा देवनागरीतली कोकणी आहे, १९८७ च्या कायद्यानं मराठीलाही कामकाजात जागा आहे, आणि प्राथमिक शाळा कोकणीतल्याही आहेत, मराठीतल्याही.

तुमच्यासारखी पत्रं इतर घरांतूनही येऊ शकतील, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी लिहिते. हापूसच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं, चिरेखाणीवर आलेल्या कानडी कुटुंबांची मुलं, रायगडातल्या कातकरी वाड्यांवरची मुलं, रत्नागिरीत घरात कोकणी बोलून उर्दू शाळेत जाणारी मुलं, या सगळ्यांना शाळेची भाषा, मराठी असो की उर्दू, परकी आहे. त्यांच्या आयांना कुणी ‘घरी मराठीच बोला’ असं सांगत असेल तर तोही सल्ला घेऊ नका. आपल्या भाषेत बोला, गोष्टी सांगा, मोजायला शिकवा. शिक्षकांनी पहिल्या दोन महिन्यांत त्या मुलाच्या भाषेतले रोजचे पन्नासएक शब्द त्याच्याकडूनच विचारून भिंतीवर लावावेत: पाणी, भूक, दुखतंय, लघवी, आई, पुस्तक, समजलं नाही. ‘समजलं नाही’ हे घरच्या भाषेत सांगता आलं की मूल वर्गात टिकतं.

शिक्षिकेशी भांडू नका. भेटून सांगा: ‘बाई, घरी आम्ही मालवणीत भरपूर बोलू आणि रोज मराठी-इंग्रजी वाचू. वर्गात ती मालवणीत बोलली तर तिला गप्प करू नका, तेच उत्तर इंग्रजीत म्हणून दाखवा, ती मागून म्हणेल.’ बहुतेक शिक्षकांना हे पटतं, कारण करायला सोपं आहे. पण घरची भाषा बोलल्याबद्दल दंड, उभं करणं, सगळ्यांसमोर हसणं असलं काही चालत असेल तर तो मानसिक छळ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं तो बंद केलेला आहे. तेव्हा मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि जूनमधला निर्णय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं समजू नका. एका वर्षानं, म्हणजे पहिली संपताना, तीच गोष्ट-वाचनाची परीक्षा तुमच्या मुलीची घ्या. चार-पाच सोप्या शब्दांची, न पाहिलेली वाक्यं ती वाचून सांगू शकली तर गाडी रुळावर आहे. नसेल तर शाळा बदलण्याचा विचार दुसरी संपण्याआधी करा, तिसरीनंतर बदल जड जातो. खासगी शाळेतून जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तो मुलीचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नवी शाळा प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाही.